उंबऱ्यावरचं नाव

कोल्हापुरात मंगळवार पेठेत शिवलीलाचं ब्युटी पार्लर आहे. केस, भुवया, मेंदी, नवरीचा साज, सगळ्याचे दर भिंतीवर लावलेत. उखाण्याचा दर मात्र कुठं लिहिलेला नाही, कारण तो फुकट असतो. नवरी खुर्चीत बसते, अर्धा अंबाडा होतो, आणि मग तिला आठवतं की आज सासरच्या दारात सगळ्या बायकांसमोर नवऱ्याचं नाव घ्यायचंय आणि आपल्याला एक ओळ येत नाही. ती रडकुंडीला येते. शिवलीला दातात पिना धरून विचारते, "नाव काय? गाव कुठलं? करतो काय?" शेवटची पिन खोचली जाईपर्यंत उखाणा तयार. शिरोळकडच्या एका जेसीबीवाल्याच्या नवरीला तिनं दिलेला उखाणा तर त्या भागातल्या लग्नांत अजून ऐकू येतो म्हणतात:

जेसीबीनं डोंगर हलतो, हलत नाही ह्यांचं मन,
उदयसिंहरावांचं नाव घेते, ऐका सारे जण.

एवढं सगळं मराठीत जुळवणारी ही बाई मूळची मराठी नव्हेच. तिचं माहेर संकेश्वरच्या पलीकडचं. घरात कानडी, शाळेत कानडी, भांडण कानडी आणि समजूतही कानडीच. सासर लिंगायतांचंच, पण तीन पिढ्या कोल्हापुरात मुरलेलं. त्यांच्यातली कानडी केव्हाच विरून गेली होती. नवरा गुंडाप्पा, ज्याला सगळे गुंडू म्हणतात, मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत कामाला. त्याच्या शर्टाला बारा महिने गुळाचा वास येतो आणि स्वभावही साधारण त्याच वळणाचा आहे.

लग्न होऊन शिवलीला दारात आली तेव्हा थोरल्या नणंद चिमणाबाई दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या होत्या. "नाव घे, मगच आत." शिवलीलाला उलट आनंद झाला. हे तर आपल्याकडच्यासारखंच. तिकडंही नवरीला उंबऱ्यावर अडवतात, तिकडंही नवऱ्याचं नाव ओळींत गुंफून घ्यावं लागतं. त्याला ओडपु म्हणतात. तिनं स्वतः रचलेला ओडपु तयार होता. मान वर करून तिनं तो म्हटला:

हालिगे बेल्ल हाकि पायस माडीनि,
दारि नडदु बागिलिगे बंदु निंतीनि,
तवरिन मातु उडियाग तंदीनि,
गुंडप्पर हेसरु हेळि ओळग बरतीनि.

दूध, गूळ, दार आणि शेवटी नवऱ्याचं नाव, सगळं जागच्या जागी होतं. पण शेवटची ओळ संपली आणि दारातल्या बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. मग चिमणाबाई म्हणाल्या, "अगं बया, डब्यात खडे घालून हलवल्यागत वाटलं." सगळी आळी हसली. "मराठीत घे, मराठीत." कुणीतरी मागून एक शिळा उखाणा तिच्या कानात सांगितला, तो तिनं शब्दाला शब्द लावून म्हटला, आणि दार मोकळं झालं.

चिमणाबाई मनानं वाईट नव्हेत. हातकणंगल्याहून येताना पिशवीभर भाजी आणतात, आजारपणात उशाशी बसतात. पण तोंडाला कडी म्हणून नाही. त्या दिवसापासून "शिवलीलाचा उखाणा" हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम झाला. बारसं असो, हळदीकुंकू असो, बायका म्हणायच्या, "चिमणाबाई, ते कानडी म्हणून दावा की." मग त्या पदर खोचून, डोळे फिरवून, मान डोलावून चारही ओळी म्हणायच्या आणि बायका पोट धरून हसायच्या. शिवलीला चहाचे कप फिरवत हसायची. तिला ते फार लागायचं, पण लागलं म्हणून दाखवण्याइतकी ती भाबडी नव्हती.

तिनं एकच केलं. कानडी बासनात गुंडाळून ठेवली. आईशी फोनवर बोलायचं तर गच्चीवर जाऊन, हळू आवाजात. लेक झाली, तेजस्वी, तर तिला झोपवायलाही मराठीच. आणि मराठी अशी घोकली, अशी घासली, की वर्षं सरली तशी आख्ख्या पेठेतल्या नवऱ्या उखाण्यासाठी तिच्याच दारात येऊ लागल्या. ह्यात थोडा सूड होता हे ती स्वतःशी कबूल करायची, आणि मग हसायची.

तेजस्वी कॉलेजात गेली आणि कानात हेडफोन घालून स्वतःशीच पुटपुटायला लागली. शिवलीलाला आधी वाटलं, पोरगी कुणाशी तरी बोलते. मग वाटलं, भांडते.

"मम्मी, ह्याला रॅप म्हणत्यात. हिपहॉप."

"म्हंजे करायचं काय असतंय?"

"ओळी जुळवायच्या, ताल सोडायचा न्हाय, आणि समोरच्याला गार करायचं."

"मग उखाणंच की," शिवलीला म्हणाली.

"उखाण्याला बीट नसतंय, मम्मी."

शिवलीलानं कंगवा उचलला, टेबलावर ठेका धरला आणि जेसीबीवाल्याचा उखाणा असा झोकात म्हटला की खुर्चीत फेशियल लावून बसलेल्या बाईच्या तोंडावरचा लेप हसता हसता तडकला. तेजस्वीनं हेडफोन काढून ठेवले. त्या दिवसापासून रविवारी संध्याकाळी पार्लरच्या गच्चीवर तिची टोळी जमायला लागली. गोल करून उभं राहायचं, एकानं तोंडानं ताल धरायचा, बाकीच्यांनी एकेक करून जागच्या जागी ओळी रचून म्हणायच्या. सायफर म्हणतात त्याला. त्यातला राजवीर बिद्रीचा, शेतकऱ्याचा पोरगा, आवाज असा की माइक लागत नाही, तरी मोठा स्पीकर घेऊन यायचा. आणि मृत्युंजय सीमेपलीकडच्या गावचा, शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. अंगानं किडकिडीत, बोलायला बुजरा.

बुजरा फक्त मराठीत. एका रविवारी शिवलीला भडंगाचं ताट घेऊन जिना चढत होती आणि वरून कानडी ओळी आल्या. भट्टीतल्या लालबुंद लोखंडाच्या, सुट्टीला घरी गेल्यावर आई वाढते त्या भाकरीच्या. शिवलीला जिन्यातच थांबली. फोनवर हळू आवाजात बोलायची कानडी वेगळी. ही छाती काढून बोललेली होती, ठेक्यावर चालणारी. ती वर गेली, ताट कठड्यावर ठेवलं आणि म्हणाली, "मत्तोम्मि हेळु, तम्मा." पुन्हा एकदा म्हण, भावा.

मृत्युंजयचे डोळे मोठे झाले. "आक्का," तो म्हणाला, आणि त्यानं त्याच ओळी पहिल्यापासून धरल्या. सगळी पोरं त्या दिवसापासून तिला आक्काच म्हणू लागली.

पोरं गेल्यावर तेजस्वीनं विचारलं, "मला का न्हाय शिकवलंस?"

"शिकून काय करणार हुतीस? लोकास्नी हसवायला?" शिवलीला म्हणाली आणि ताट धुवायला गेली. पण त्या आठवड्यापासून मायलेकींची स्वयंपाकघरात कानडी सुरू झाली. हालु म्हणजे दूध, बेल्ल म्हणजे गूळ. गुंडू जेवता जेवता दोघींकडं बघायचा आणि म्हणायचा, "मला फकस्त ऊट माडु शिकवा. तेवढ्यावर भागंल माझं." जेव म्हटलेलं कळलं की त्याचं काम झालं.

सीमेवर दर थोड्या दिवसांनी कुणाला ना कुणाला पाट्या पुसायची हुक्की येते. त्या वर्षीही आली. इकडच्या बसला तिकडं काळं लागलं, तिकडच्या बसला इकडं. एसटी बंद, टीव्हीवर नुसती आरडाओरड. त्या रविवारी गच्चीवर राजवीर तापूनच आला होता. त्यानं कानडी लोकांवर ओळींमागून ओळी झोडल्या आणि शेवटी मृत्युंजयकडं बोट करून म्हणाला, तुमची भाषा म्हणजे डब्यात घातलेले खडे. पोरं हसली. मृत्युंजयनं चपला घातल्या आणि तो जिना उतरून गेला.

शिवलीला तिथंच होती. हे खडे तिनं आधी ऐकले होते. राजवीरला वाटलं आता आक्का बोलणार, पण ती रागावली नाही. तिला त्या क्षणी एवढंच सुचलं की उंबऱ्यावर कुणी कुणाला शिव्या देत नाही, कारण तिथं समोरच्याचं नाव घ्यावं लागतं. आदरानं घ्यावं लागतं, आणि त्याच्यातलं काहीतरी चांगलं शोधावं लागतं, नाहीतर ओळ जुळत नाही.

"आजपास्नं ह्या गच्चीवर एक नियम," ती म्हणाली. "कुणाला काय बोलायचं ते बोला. पण शेवटच्या ओळीत त्याचं नाव घ्यायचं, उखाण्यात घेतात तसं. आणि त्याच्याबद्दल एक खरी चांगली गोष्ट सांगायची. ती न्हाय सापडली तर माइकला हात लावायचा न्हाय."

"आक्का, असं रॅपमधी नसतंय," राजवीर म्हणाला.

"मग तुझी गच्ची बघ कुठं मिळत्या काय."

पुढच्या रविवारी मृत्युंजय येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. तेजस्वी मात्र जिन्याकडं तोंड करून बसली होती. तो आला, उशिरा, घामाघूम. सुट्टीला गावी गेला होता आणि परत यायला बस नव्हती. निम्मा रस्ता चालत आणि निम्मा उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आला होता. एका चपलेचा अंगठा तुटलेला. राजवीर त्या चपलेकडं बघत राहिला. मग त्यानं तोंडानं ताल धरणाऱ्याला खूण केली.

बोर्डावर फासलं काळं, एसटी केली बंद,
इकडच्या-तिकडच्या पुढाऱ्यांचा जुनाच हा छंद;
सीमा ओलांडून आला, पायात तुटकी चप्पल,
मृत्युंजयचं नाव घेतो, यमकात गडी अव्वल.

मृत्युंजयनं चप्पल काढून हातात घेतली, तिच्याकडं बघितलं, आणि त्याच तालावर उत्तर दिलं:

बिद्रीचा गोड ऊस, पन्हाळ्याचा किल्ला,
राजवीरन हेसरु हेळतीनि, जगळा इल्ला.

राजवीरचं नाव घेतो, भांडण नाही. हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. राजवीरनं त्याला मिठी मारली आणि दुसऱ्या दिवशी नव्या चपला आणून दिल्या, घालताना करकर वाजणाऱ्या.

तो नियम गच्चीपुरता राहिला नाही. गल्लीतल्या गणपतीपुढं पोरांनी तसा कार्यक्रम केला, मग सीमेपलीकडच्या एका कॉलेजात. मराठी पोरं कानडी पोरांचं नाव घेऊ लागली, कानडी पोरं मराठी पोरांचं. एकमेकांना चिमटे काढायची, पण शेवटच्या ओळीसाठी समोरच्याकडं नीट बघायची. एका पुढाऱ्यानं शिवलीलाला फोन करून विचारलं की तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूनं? ती म्हणाली, "मी दारात उभी हाय, दोन्हीकडचं ऐकू येतंय मला." आणि फोन ठेवून गिऱ्हाइकाच्या भुवया करायला लागली.

एवढं सगळं झाल्यावर तेजस्वी आणि मृत्युंजय लग्न करतो म्हणाले, ह्याचं आश्चर्य फक्त गुंडूला वाटलं. तो बिचारा समजत होता की पोरगा भडंगासाठी येतो. मृत्युंजयची आई बसव्वा येऊन तेजस्वीला बघून गेली, हसून बोलली, होकार दिला. कालपर्यंत आक्का म्हटलेल्या बाईला आता अत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणायचं, ह्यानं मृत्युंजयची पंचाईत झाली, तेवढीच काय ती अडचण. सगळं गोड चाललं होतं आणि शिवलीलाची झोप मात्र उडाली होती.

कारण तेजस्वी आता त्याच उंबऱ्यावर उभी राहणार होती, फक्त उलट्या बाजूनं. दारात कानडी बायका, हात चौकटीला, आणि पोरीची कानडी कालची. आपल्याला हसले ते हसले. पण ती भाषा आपण पोरीला वेळेवर दिली नाही, आणि आता ती हसं होणार, ही बोच शिवलीलाच्या मनातून जाईना. तेजस्वी निवांत होती. "मम्मी, मी शेकडो लोकांपुढं रॅप करतो. चार ओळीचं काय घेऊन बसलीस?" माइक हातात असणं वेगळं आणि डोईवर अक्षता असणं वेगळं, हे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

बरं, सोबत जायची सोय नाही. पाठवणीनंतर आई लेकीबरोबर सासरी जात नाही. घरातली दुसरी एखादी बाई पाठराखीण म्हणून जाते. आणि तो मान आत्याचा.

"मी जातो की," चिमणाबाईंनी सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं. "आत्ती असताना दुसरं कोण जाणार?"

शिवलीलाच्या डोळ्यांपुढं पुढचं सगळं आलं. कानडी मुलखात, भरल्या दारात, कुणीतरी म्हणणार, काहीतरी म्हणा, आणि ह्या पदर खोचून ती नक्कल करून दाखवणार. तिनं गुंडूला बाजूला घेऊन सांगितलं. गुंडूनं डोकं खाजवलं. "थोरल्या आक्कीला काय सांगणार? सांगितलं तर जास्तच करंल." हे मात्र खरं होतं.

लग्न कोल्हापुरात झालं. दुपारी वऱ्हाड गेलं. पाठवणीच्या वेळी शिवलीला फार रडली, आणि तिचा स्वतःचा मेकअप पसरला, जो दुसऱ्या कुणाचा पसरला असता तर तिनं ऐकवल्याशिवाय सोडलं नसतं. राजवीर करवला म्हणून बरोबर गेला होता. दिवेलागणीला त्याचा व्हिडिओ कॉल आला. "आक्का, दारात आलोय. बघा."

फोन गुंडूनं धरला आणि शिवलीला त्याच्या खांद्यावरून बघायला लागली. उंबऱ्यावर तांदळाचं माप, दारात बसव्वा आणि तिच्यामागं दहा-पंधरा बायका. एक तरुण पोरगी हात आडवे करून उभी. "हेसरु हेळु." नाव घे.

तेजस्वीनं सुरुवात छान केली. "कोल्लापुरदिंद बंदीनि..." कोल्हापूरहून आलेय. पुढं तिचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. तिनं परत पहिली ओळ म्हटली, आणि परत तिथंच थांबली. दारातली एक पोरगी फिसकन हसली. मृत्युंजय काही सांगायला वाकला तर बायकांनी त्याला मागं सारलं; नवऱ्यानं सांगायचं नसतं. शिवलीलानं गुंडूचा दंड धरला. पुढची ओळ तिच्या ओठांवर होती आणि फोनमधून ओरडून सांगावी तर गोंगाटात कुणाला ऐकू जाणार नव्हती.

तेवढ्यात चिमणाबाई पुढं झाल्या. पदर खोचला. शिवलीलानं डोळे मिटून घेतले.

"हालिगे बेल्ल हाकि पायस माडीनि..."

तिनं डोळे उघडले. चिमणाबाई मान डोलावत नव्हत्या. डोळे फिरवत नव्हत्या. एका हातानं तेजस्वीचा हात घट्ट धरून, परीक्षेला बसल्यासारख्या सरळ उभ्या राहून, एकेक शब्द जपून टाकत होत्या. दूध आलं, गूळ आला, दार आलं. दारातल्या बायका ऐकायला लागल्या. मागं राजवीरनं तोंडानं हलका ताल धरला. तिसरी ओळ आली, आणि ती ऐकताना बसव्वाचा चेहरा बदलला. मग चिमणाबाईंनी आवाज चढवला आणि शेवटची ओळ दणक्यात म्हटली:

"गुंडप्पर हेसरु हेळि ओळग बरतीनि."

नाव बदलायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं जसं म्हटलं तसंच म्हणून टाकलं, आणि परक्या गावात, भरल्या दारात, सख्ख्या भावाचं नाव नवऱ्याचं म्हणून घेतलं. कुणीतरी विचारलं, गुंडप्पा कोण? मृत्युंजयनं तोंडावर हात ठेवून सांगितलं, ह्यांचा धाकटा भाऊ, माझे सासरे. दारातल्या बायका अशा हसल्या की एकीला खाली बसावं लागलं. तेजस्वी हसली, चिमणाबाई स्वतः कपाळावर हात मारून सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. आणि त्या हसण्यात तेजस्वीचा गळा मोकळा झाला. राजवीरचा ताल चालूच होता. तिनं आत्याच्याच चार ओळी उचलल्या, शेवटी मृत्युंजयचं नाव घातलं, आणि अशा म्हटल्या की दारातल्या पोरी टाळ्या धरायला लागल्या. बसव्वानं दारातल्या पोरीचे आडवे हात बाजूला केले. आधी तिनं चिमणाबाईंचा हात धरून त्यांना आत घेतलं, मग सुनेला.

गुंडू म्हणाला, "आमच्या आक्कीनं माझं लगीनच लावलं की तिथं."

थोड्या वेळानं चिमणाबाईंचा फोन आला. मागं भांड्यांचा आवाज, बायकांचा कलकलाट.

"शिवलीले, पोरगी आत गेली गं. जेवाय बसलोय आम्ही. लई माया करालेत." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक इचारू काय? ती तिसरी ओळ म्हणालो आणि विहीणबाईच्या डोळ्याला पाणी आलं. काय हाय गं त्यात? इतकी वरसं म्हणालोय, अर्थ इचारायचा ऱ्हाऊनच गेला बघ."

शिवलीला उंबऱ्यावर बसली होती, जिथं चिमणाबाईंनी तिला अडवलं होतं तिथंच. तिनं डोळे पुसले.

"वन्सं, त्याचा अर्थ असा," ती म्हणाली, "की मी माझ्या माहेरची भाषा ओटीत घेऊन आले."

पलीकडचा भांड्यांचा आवाज लांब गेला; चिमणाबाई फोन घेऊन बाहेर आल्या होत्या.

"आता ती परत म्हण," चिमणाबाई म्हणाल्या. "सावकाश म्हण. कळून ऐकतो ह्या खेपेला."